सुविचाराच्या पट्टीतलं भोक

"क्रॅश म्हणू नकोस," माईणकर सर म्हणाले. "विश्रांती म्हण."

"सर, गवाक्ष विश्रांती घेत नाही. मरतो," मी म्हणाले.

"आणि परत उघडतो ना?"

"परत आपण उघडतो."

"मग झालं तर!" ते इरफानकडे वळले. "बंद पडला की येते ती इंग्रजी पाटी काढून टाक. तिथे लिही, 'गवाक्ष क्षणभर विश्रांती घेत आहे.' वर एक समई टाक. तेवती."

इरफान मुल्लाणीने वहीत लिहून घेतलं, 'समई, तेवती'. आमच्या कंपनीतला तो सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर होता आणि असल्या गोष्टी लिहून घेताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मला ते कधी जमलं नाही.

ही गोष्ट घडून आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी कोल्हापुरात माईणकरांच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. कंपनीने एक ब्राउझर बनवला होता, म्हणजे इंटरनेटवरची पानं बघायचा प्रोग्रॅम. नाव 'गवाक्ष'. जाहिरातीत 'शंभर टक्के आपल्या मातीतला' असं छापलं होतं. प्रत्यक्षात आतलं इंजिन परदेशातलं, फुकट मिळणारं होतं. त्यावर आम्ही मराठी कळफलक बसवला होता, खिडकीला पैठणीचा काठ काढला होता आणि तळाशी सुविचाराची पट्टी लावली होती.

सुविचार सरांचे सासरे लिहायचे. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना वेळ भरपूर होता आणि जावई कह्यात होता. 'वेळेवर उठणारा मनुष्य वेळेवर झोपतो.' 'पाणी पिताना पाण्याचा विचार करावा.' दर थोड्या वेळाने पट्टीवर नवा सुविचार सरकत यायचा. ती पट्टी बंद करायची सोय गवाक्षमध्ये नव्हती. सोय द्यावी असं इरफानने एकदा सुचवलं होतं, तर सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

माझं काम सुरक्षेचं होतं. प्रोग्रॅममधली भोकं चोरांच्या आधी शोधायची. कंपनीला या कामाची गरज वाटत होती असं नाही, पण निविदेत असा एक माणूस दाखवावा लागतो, म्हणून दाखवायला मी होते. तरी मी काम करत बसायचे, आणि त्या दिवशी मला जे सापडलं होतं ते सरांच्या सासऱ्यांच्या पट्टीतच होतं.

गोष्ट अशी होती. आपण एखादं पान उघडलं की संगणक आपल्या मेमरीतली थोडी जागा त्या पानाला देतो. पान बंद झालं की ती जागा परत घेतो आणि दुसऱ्या कुणाला देतो. आमची सुविचाराची पट्टी पानाच्या जागेत आपलं सामान ठेवायची, 'पुढे काय करायचं' ही सूचनासुद्धा. पान बंद झालं, जागा परत गेली, हे सुविचार बदलणाऱ्या भागाला कुणी सांगतच नव्हतं. वेळ झाली की तो जुन्याच पत्त्यावर जायचा आणि तिथे जे सापडेल ती आपली सूचना समजून इमानदारीने पाळायचा. बहुतेक वेळा तिथे कुणाचा तरी कचरा असायचा, मग गवाक्ष बंद पडायचा. पण कुणी मुद्दाम त्या जागी आपली सूचना आणून ठेवली, तर तीही तो तितक्याच इमानदारीने पाळणार होता. त्या माणसाला तुमच्या संगणकात घुसायलाही नको. आपलं एक पान तुम्हाला उघडायला लावलं, की बसल्या जागी तो तुमचा मालक.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे, सर," इरफान म्हणाला. "चूक माझीच आहे. आज दुरुस्त करतो."

"आज काही करायचं नाही. ही मंजूर प्रत आहे."

मंजूर प्रत म्हणजे एक पेन ड्राइव्ह. इचलकरंजीच्या पतसंस्थांच्या महासंघाने गवाक्ष घ्यायचं ठरवलं होतं. तालुक्यातल्या झाडून सगळ्या पतसंस्थांत कारकून गवाक्षमधूनच खात्यांचे व्यवहार करणार होते. महासंघाच्या समितीने त्या पेन ड्राइव्हवरची प्रत पाहून शिक्का मारला होता, आणि सरांनी त्या पेन ड्राइव्हला हळदकुंकू लावून तो देव्हाऱ्यात ठेवला होता. हे मी फुलवून सांगत नाही. तो खरोखर गणपतीशेजारी होता.

"एक अक्षर बदललं तरी पुन्हा समिती, पुन्हा शिक्का," सर म्हणाले. "आणि सुचेता, तू म्हणतेस ते सगळं 'असं झालं तर' आहे. इचलकरंजीतल्या कारकुनाच्या मेमरीत कोण काय ठेवायला जाणार आहे? मला नुकसान दाखव. डोळ्याला दिसेल असं. मग बघू."

मला राग आला. नुसता पगारापुरता राग नव्हता तो. माझी आई इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायची. सूत कांड्यांवर गुंडाळायचं काम, दिवसभर उभ्याने. तिने वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून जे मागे टाकलं होतं ते सगळं महिला पतसंस्थेत होतं, आणि ती पतसंस्था महासंघात होती. भोक कुठल्या तरी लांबच्या माणसाच्या संगणकात नव्हतं. ते माझ्या आईच्या पासबुकाच्या अलीकडेच होतं.

तेव्हा मी नुकसान दाखवायला बसले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. भोक खरं आहे हे सिद्ध करायचं असेल तर आपण आत शिरून काही चोरत नाही, काही मोडत नाही. फक्त कॅल्क्युलेटर उघडून दाखवतो. संगणकात असतो ना, बेरीज-वजाबाकीचा, तोच. परक्या पानाने तुमच्या मशीनवर तुम्हाला न विचारता कॅल्क्युलेटर उघडला, याचा अर्थ ते पान काहीही उघडू शकतं. जगभरातली या धंद्यातली माणसं कॅल्क्युलेटर उघडलेला पाहिला की गार पडतात. मी तसं एक पान तयार केलं. दिसायला साधं पांढरं; आतल्या आत ते एक छोटं पान उघडून बंद करायचं आणि त्या मोकळ्या जागी माझी सूचना ठेवायचं. ते उघडायचं आणि सुविचार बदलेपर्यंत थांबायचं. परक्या पानांना आवरायला इंजिनाने जे कुंपण घातलेलं असतं, आमची पट्टी त्याच्या बाहेर चालायची, त्यामुळे मला अडवायला मध्ये कुणीच नव्हतं. चौथ्या की पाचव्या खेपेला 'मौन हे न बोलण्याचे दुसरे नाव आहे' सरकत गेलं आणि त्याच्या डोक्यावर टुपकन कॅल्क्युलेटर आला.

इरफान माझ्या मागे उभा होता. "या अल्ला," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसलाच.

सरांना दाखवायला गेले तर सर शेरवानीच्या मापाला गेलेले. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीत उद्घाटन होतं. फोनवर म्हणाले, "हॉलवर दाखव. कार्यक्रमाआधी दहा मिनिटं बघतो." म्हणून मी कार्यक्रमाच्या लॅपटॉपवर ते पान टाकून ठेवलं. ती दहा मिनिटं अर्थातच आली नाहीत. तात्यासाहेब मगदूम वेळेवर पोचले, हा अपघात त्या तालुक्यात पूर्वी घडला नव्हता.

तात्यासाहेब महासंघाचे अध्यक्ष. स्वतःची मोठी पतसंस्था, शिवाय एक मंगल कार्यालय. उपाध्यक्ष सुमनताई मगदूम, त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. थोरले भाऊ वारले तेव्हा एकाच पतसंस्थेच्या दोन झाल्या. दिराने जुनी ठेवली, भावजयीने समोरच महिला पतसंस्था काढली. दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये फक्त रस्ता होता. दोघं एकमेकांशी फक्त व्यासपीठावर बोलायचे, तेही माइकमधून.

नारळ फुटला. सर लॅपटॉपशी उभे राहिले. मागच्या मोठ्या पडद्यावर गवाक्ष होता, त्यात माझं पान उघडं होतं, आणि मला काही करायच्या आत त्यांनी त्याच पांढऱ्या पानावर भाषण सुरू केलं. "हे पाहा, किती स्वच्छ, किती सात्त्विक..." तळाशी सुविचार बदलला. पडद्याच्या मधोमध, सरांच्या डोक्याएवढा कॅल्क्युलेटर उघडला.

इरफानने डोळे मिटून घेतले.

"हे वो काय?" पहिल्या रांगेतून तात्यासाहेबांनी विचारलं.

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना काय झालंय ते कळलं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन, कारण त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. पण धंदेवाईक माणूस. एक श्वास घेतला आणि म्हणाले, "ही आमची नवी सोय. सहजगणक! पतसंस्थेत बसलात की आकडेमोड आलीच. गवाक्षला ते कळतं. तुम्ही सांगायच्या आधी तो गणकयंत्र हातात आणून देतो."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आक्कल हाय मशीनला," तात्यासाहेब शेजारच्याला म्हणाले.

सुमनताईंनी माइक मागून घेतला. मला क्षणभर वाटलं, ही बाई विचारणार, न सांगता हे उघडलं कसं. सुमनताई म्हणाल्या, "आकडं जरा मोठं पायजेत. आमच्या बायकांस्नी दिसत न्हाईत." पुन्हा टाळ्या.

परतताना गाडीत मी सरांना म्हणाले, "सर, तुम्हाला नुकसान बघायचं होतं. बघितलंत."

"मी तर फायदा बघितला," सर म्हणाले. "करारात सहजगणक लिहून घेतलाय त्यांनी. आता तो गेला तर करार गेला."

"अहो, ते भोक आहे!"

"पंधरा वर्षांच्या धंद्यात ग्राहकाने उठून टाळ्या वाजवलेली माझी ही पहिलीच वस्तू आहे, सुचेता. तिला भोक म्हणू नकोस."

इरफान मागच्या सीटवरून हळूच म्हणाला, "सर, भोक बुजवतो आणि कॅल्क्युलेटरचं साधं बटण देतो. बटण दाबलं की उघडेल."

"मंजूर प्रत!" सर म्हणाले. मग थोडा विचार केला. "आणि बटण दाबून उघडला तर त्यात सहज काय राहिलं?"

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर लेखी काम आलं. एक, सहजगणक कधी उघडतो, कधी गवाक्ष विश्रांतीला जातो, तरी तो दर वेळी हमखास उघडेल असं बघावं. दोन, माझं ते पांढरं पान सगळ्या पतसंस्थांत पहिलं पान म्हणून लावावं, म्हणजे सकाळी गवाक्ष उघडला की तेच येईल. प्रतीत बदल नको होता, पहिलं पान बदलायला मात्र शिक्का लागत नव्हता.

मी ते दोनदा वाचलं. भोक बुजवायला नोकरीला ठेवलेल्या बाईला ते भोक पक्कं करायचं काम दिलं होतं. आणि आत शिरायची माझी रीत, तपशीलवार, प्रत्येक कारकुनाच्या टेबलावर उघडी पडणार होती. ते पान कुणीही उतरवून घ्यावं, कॅल्क्युलेटरच्या जागी हवं ते घालावं. कॉलेजात जाणाऱ्या पोरालाही जमलं असतं.

"मी नाही करणार," मी सरांना सांगितलं.

"मग इरफान करेल. तो नाही म्हणाला तर दुसरा करेल. पान तर माझ्याकडे आहे," सर म्हणाले. रागावले नव्हते. तेच जास्त लागलं.

मी रजा टाकली आणि इचलकरंजीची बस धरली. ज्याच्या घरात भोक आहे त्यालाच, म्हणजे तात्यासाहेबांना, जाऊन सांगायचं ठरवलं. माणूस अडाणी नव्हता, आयुष्य लोकांच्या ठेवी सांभाळण्यात गेलेलं. कळलं की तोच माईणकरांची गचांडी धरेल.

तात्यासाहेब मंगल कार्यालयातच बसले होते. लग्नसराई होती, मागे भांड्यांचा खणखणाट चालला होता. मी कोण ते सांगितलं, आई शेडमध्ये असते तेही सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

"तोडकरांची पोर व्हय? बोल की. भ्यायचं न्हाई."

मेमरी, पत्ता, सूचना असं मी सुरू केलं. त्यांचे डोळे जड व्हायला लागले. मागे कुठे तरी आचारी कुणाला तरी शिव्या घालत होता. मग मला सुचलं.

"तात्यासाहेब, तुमच्या कार्यालयात सकाळचं लग्न झालं. वऱ्हाड गेलं, स्वयंपाकघर रिकामं केलं. तुम्ही ते संध्याकाळच्या पार्टीला दिलं."

"बरं."

"पण सकाळच्या आचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. तो बाहेर बिडी ओढत होता. परत आला, सरळ त्याच खोलीत शिरला, समोर जे पातेलं दिसलं ते उचललं आणि समोरच्या पंगतीत वाढत सुटला."

तात्यासाहेब हसले. "आसं झालंय. गेल्या साली झालंय! जैनांच्या लग्नात..." आणि एकदम थांबले. "फुडं?"

"आता समजा, एखाद्या बदमाशाला हे माहीत आहे. आचारी न बघता वाढणार हे त्याला ठाऊक आहे. तो काय करेल?"

तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. "आपलं पातेलं आणून त्या जागी ठेवील."

"आणि पंगत काय खाईल?"

"त्यो दील ते." ते ताठ बसले होते. इतक्या दिवसांत हे कुणालाही इतक्या झटकन कळलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे त्यो क्याल्क्युलेटर..."

"ते माझं पातेलं होतं. मी मुद्दाम ठेवलेलं. मी कॅल्क्युलेटर वाढला. चोर कॅल्क्युलेटर वाढणार नाही. तो तुमच्या कारकुनाच्या नावाने आत बसेल. ठेवीदार कोण, कुणाचं कर्ज थकलंय, कुणाला किती दिलं, सगळं बघेल. पैसेही हलवेल."

"समदं दिसंल?"

"सगळं."

उठून त्यांनी दार लोटलं. परत येऊन बसले तेव्हा खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मला एक सांग पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "वैनीच्या हापिसात बी ह्योच गवाक्ष बसलाय न्हवं?"

"हो. म्हणून तर..."

"मग तिकडं पातेलं ठेवायचं झालं, तर ते हितनं ठेवता येतंय का तिकडं जावं लागतंय?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. समोर बसलेला माणूस घाबरला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशीचीच उत्सुकता होती, हॉलमधली.

"तात्यासाहेब, तिथे माझ्या आईचे पैसे आहेत."

"आगं पैशाला कोण हात लावतंय? नुसतं बगायचं. आमची कुटली माणसं फोडली तिनं, कुणाला काय व्याज कबूल केलंय, एवढंच. तुझ्या आईचं नाव आलं तर डोळं झाकीन."

मला राग आला, आणि रागात मला कधी कधी बरं सुचतं. मी म्हणाले, "इथून येतं की ठेवता. आणि तिथूनही इथे ठेवता येतं."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "तिला म्हाईत हाय?"

"अजून मी सांगितलेलं नाही."

तात्यासाहेबांनी फोन उचलला तो तिथेच, माझ्यासमोर. "माईणकर? ते आमच्या हापिसातलं भोक बुजवा. आज. व्हय, भोकच. मला समदं कळलंय." आणि माझ्याकडे बघत, आवाज खाली आणून, "आमचंच तेवढं. समोरचं ऱ्हाऊ द्या."

मी बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि सुमनताईंच्या कचेरीत गेले. त्यांना सरळ आचाऱ्यापासूनच सांगितलं. सुमनताईंनी मला शेजारी बसवलं, आईची चौकशी केली, शेंगदाण्याचा लाडू दिला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, बाईमाणूस, बायकांचा कष्टाचा पैसा हिच्या हातात, ही तरी...

"भावजींच्या हापिसातलं बी दिसंल का गं आपल्याला?" सुमनताईंनी विचारलं.

मी लाडू खाली ठेवला.

"दिसेल. आणि त्यांनी त्यांचं आत्ताच बुजवायला सांगितलंय. तुमचं उघडं ठेवून."

सुमनताईंनीही तिथूनच माईणकरांना फोन लावला. त्या काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. माईणकरांचा उच्चार त्यांनी तीन-चार वेगवेगळ्या जनावरांच्या नावांनी केला. शेवटी म्हणाल्या, "आमचं बंद करा. त्येंचं बंद केल्यालं त्येंना दाखवा, पर करू नका."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती राजीनाम्याच्या तयारीने. सर खुशीत होते. दोघांनी स्वतंत्रपणे 'विशेष सुरक्षा' मागितली होती, दोघांना स्वतंत्र बिल जाणार होतं.

"आणि मंजूर प्रत?" मी विचारलं.

"मंजुरी देणारेच म्हणतायत बदला. देव्हाऱ्यातून काढली सकाळीच." मग त्यांनी डोकं खाजवलं. "पण आता करायचं काय? दोघांनाही आपलं बंद हवंय आणि समोरच्याचं उघडं."

"सर, प्रत एकच आहे," इरफान म्हणाला. "बुजवलं तर सगळीकडेच बुजेल." चेहऱ्यावरची रेष हलली नाही. वेगवेगळ्या प्रती करायला त्याला तासभरही लागला नसता, हे मला माहीत होतं आणि सरांना माहीत नव्हतं.

"मग दोघांना सांगू, फक्त तुमचंच बंद केलंय," सर म्हणाले. "खूश राहतील."

अर्ध्या दिवसाचं काम म्हणाला होता, इरफानने ते जेवणाच्या सुट्टीआधी संपवलं. पान बंद झालं की आता सुविचारही आपला गाशा गुंडाळायला लागला. माझं पांढरं पान मी दहादा उघडून पाहिलं. सुविचार येत होते, जात होते, कॅल्क्युलेटर काही उघडला नाही. त्याच्यासाठी इरफानने एक साधं बटण दिलं, आकडे मोठे. संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या पतसंस्थांत नवी प्रत बसली. मी राजीनामा पर्समध्येच ठेवला आणि घरी जाऊन गाढ झोपले.

त्यानंतरच्या सकाळी सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. फोन टेबलावर होता, स्पीकर लावलेला, आणि त्यातून तात्यासाहेब ओरडत होते.

"बिल घेतलासा आन् फसवलासा! तिचं बी बंद हाय की!"

"काही तरी गैरसमज होतोय, तात्यासाहेब," सर म्हणाले. "त्यांचं बंद आहे असं कोण म्हणालं?"

"कोन कशाला म्हणतंय? काल सांजच्याला आमचा भाचा बगून आला. त्यो कॉलेजात तेच शिकतोय. तुम्हीच पयलं पान म्हणून लावल्यालं ह्या पोरीचं पान उतरवून घेतलं, सा-सात बार ठेवलं पातेलं. शिरतच न्हाई आत!"

ओरडणं एकदम थांबलं. आपण काय बोलून बसलो ते तात्यासाहेबांना बहुधा तेव्हा कळलं. "सहज," ते म्हणाले. "सहज बगायला गेलता." आणि फोन ठेवला.

तो बंद होतोय तोवर दुसरा वाजला. सुमनताई. त्यांचा जावई पुण्याला कॉम्प्युटरमध्ये होता. तोही काल संध्याकाळी सहजच बसला होता.

फोन ठेवल्यावर सर खुर्चीत मागे रेलले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दुरुस्ती पक्की झालीय! बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासली. सुचेता, अहवालात घाल."

इरफान हसायला लागला आणि त्याला हसू आवरेना. मला हसू आलं नाही. आम्ही दुपारी दार लावलं होतं आणि संध्याकाळी ते दोघं कडी वाजवून बघत होते. मी महिनाभर ज्या चोराच्या नावाने ऊर बडवत होते, तो मला कुठल्या तरी परमुलखात अंधाऱ्या खोलीत बसलेला दिसायचा. त्याच्या नावगावाचा मला पत्ता नव्हता. या दोघांच्या हातचा तर मी चहा प्यायले होते, लाडू खाल्ला होता. आणि आचाऱ्याची गोष्ट त्यांना समजेल अशी करून मीच सांगून आले होते.

त्या शनिवारी मी घरी गेले. आई शेडमधून नुकतीच आली होती, केसांत सुताचे धागे होते. मी तिला म्हणाले, "आई, महिला पतसंस्थेतले पैसे काढून घे."

"का गं? बुडली काय?"

"बुडली नाही. पण सुमनताई बरोबर बाई नाही."

"आनि तात्यासाहेब?"

"तेही नाहीत."

आई भाकरी थापत होती. ती थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाली, "मग काढून ठिवू कुटं?"

तालुक्यात तिसरी मोठी पतसंस्था होती ती तात्यासाहेबांच्या भाच्याच्या वडिलांची.

"सांग की," आई म्हणाली.

"राहू दे तिथेच," मी म्हणाले, आणि ताट घेतलं.